इफ्ताहच्या लेकीची शंभर वर्षं

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह नवस बोलतो: अम्मोनी लोकांवर जय मिळाला, तर माझ्या दारातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन. डफ वाजवत, नाचत सामोरी येते ती एकुलती एक लेक. बरोक काळात ओरॅटोरिओ, म्हणजे अभिनयाविना गायली जाणारी धार्मिक संगीतकथा, कसा पालटत गेला, हे या एका गोष्टीचा माग काढला तरी उमगतं.

रोमच्या जर्मन कॉलेजात संगीताची धुरा वाहणाऱ्या जाकोमो कारिसीमीने ती १६४८ च्या सुमारास लॅटिनमध्ये बांधली. रंगभूषा नाही, पडदा नाही, साथ मोजकीच. निवेदकही एकच नाही. कधी एकटा आवाज गोष्ट पुढे नेतो, कधी समूह. विजयगीत मेजर स्वरांत उसळत असतं आणि लेक दिसताच बाप मायनरमध्ये कोसळतो. मैत्रिणींबरोबर ती दोन महिने डोंगरांत रडली, एवढंच सांगून बायबल पुढे जातं. कारिसीमी तिथेच ठाण मांडतो, तिच्या तोंडी नवी वाक्यं घालतो. तिच्या ओळींचे शेवट दोन आवाज पुन्हा म्हणतात, म्हणजे डोंगरच ओ देतात. मग सहा आवाजांचा विलाप, एक स्वर दुसऱ्याला खुपत राहणारा, आणि रचना संपते. बळी दिल्याचा उच्चारही नाही.

पुढे लंडनमधल्या संगीतकार हँडेलला हा विलाप चांगला ठाऊक होता; ‘सॅमसन’ या ओरॅटोरिओत त्याने तो बिनदिक्कत वापरला. तिथे तोवर ओरॅटोरिओ इंग्रजी झाला होता, तिकीट लावून नाट्यगृहात होत होता, फक्त अभिनय नव्हता. १७५१ च्या जानेवारीत त्याने इफ्ताहचीच गोष्ट, ‘जेफ्था’, हाती घेतली. पाद्री थॉमस मोरेलच्या संहितेत लेकीला इफिस हे नाव मिळालं, आई मिळाली, प्रियकरही मिळाला. शेवटी देवदूत येऊन तिला वाचवतो, अट आजन्म कौमार्याची.

देवाचे हुकूम किती अगम्य, हे दुसऱ्या अंकाअखेरचं समूहगीत लिहिताना १३ फेब्रुवारीला हँडेलच्या डाव्या डोळ्याने दगा दिला. हस्तलिखितातच त्याने जर्मनमध्ये तशी नोंद केली आणि दहा दिवस काम थांबवलं. देव ठरवतो ते योग्य, असं मोरेलने लिहिलं होतं. हँडेलने ते खोडून जे आहे तेच योग्य, हा कवी अलेक्झांडर पोपचा विचार घातला आणि समूहाकडून तो तुटक, ठासून म्हणवून घेतला. पटलेला माणूस असा गात नाही.

तिसऱ्या अंकातली सुटका गोड आहे, पण मला ती मोरेलची सारवासारवच वाटते. हँडेलचा खरा शेवट दुसऱ्या अंकातच होऊन गेलेला असतो.