परीक्षेचे पोटदुखणे

"डॉक्टर, नवोदयची परीक्षा जवळ आली आणि हिचं रोज सकाळी पोट दुखतंय. नाटक तर नाही ना? बुद्धीचं एखादं टॉनिक द्या." वाशिंदच्या माझ्या दवाखान्यात पाचवीतील मुलांचे पालक असे विचारतात.

हे नाटक नव्हे. भीतीमुळे आतड्यांची हालचाल बदलते व पोट खरोखरच दुखते. मात्र ताप, वारंवार उलट्या, वजन घटणे, शौचातून रक्त किंवा झोपमोड करणारी कळ असल्यास ताबडतोब तपासून घ्यावे.

जवाहर नवोदय विद्यालयात सहावीपासून राहण्याजेवणासह शिक्षण मोफत मिळते. त्यामुळे पालकांची धडपड समजते. सहावीसाठीची ही परीक्षा एकदाच देता येते, पण ते मुलाला रोज ऐकवू नये. २ तासांत ८० प्रश्न असतात. पैकी ४० बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. पेंगणाऱ्या मुलाला आकृत्यांमधला फरक कसा दिसणार?

या वयात ९ ते १२ तास झोप हवी. पहाटे पाचला उठवायचे असेल तर रात्री आठला निजवावे. घड्याळ लावून थोडा पण रोज सराव घ्यावा. फळा अंधुक दिसत असल्यास डोळे तपासावेत. परीक्षेच्या सकाळी नेहमीचीच न्याहारी द्यावी. बुद्धी वाढवणारे टॉनिक नसते. त्या पैशांत दूध, अंडी, फळे आणावीत.

आणि निकाल काहीही लागला तरी आम्ही रागावणार नाही, हे मुलाला परीक्षेपूर्वीच सांगावे. पुष्कळदा पोटदुखी तिथेच निम्मी होते.