दाखले जाळणारे आणि दाखल्यापर्यंत न पोहोचणारे

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून. १९१६ साली विनोबांनी शाळा-कॉलेजचे दाखले अग्नीच्या स्वाधीन केले. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि त्यांनी काशीची वाट धरली. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचत होते. विनोबांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही. पण ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नांदले, त्यांनाच शाळा सोडणे परवडते. त्यांनी शिक्षण सोडले की तो ‘त्याग’ ठरतो. कातकऱ्याच्या पोराने सोडले की ती ‘गळती’ ठरते!

हा शब्दच आम्हाला मान्य नाही. पिकले फळ आपोआप गळते. आमची मुले गळत नाहीत, त्यांना ढकलले जाते.

पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी वाड्या पाहा. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा घरात उचल येते. ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे कुटुंब वीटभट्टीवर, नाहीतर कोळसाभट्टीवर जाते. ते परतते पाऊस तोंडावर आल्यावर. जूनमध्ये शाळेत बसलेल्या मुलाच्या वाट्याला येतात जेमतेम पाच महिने. मग गैरहजेरीचा दोष मुलाचा की उचलीवर चालणाऱ्या व्यवस्थेचा?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी सरकारला हाच हिशेब विचारला होता. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, याच जिल्ह्यातील महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. पाण्याचा आणि पाटीचा लढा एकच आहे, हे आम्ही विसरता कामा नये.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण ही शासनाची जबाबदारी ठरवली. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणजे हजेरीचा नियम मुलाला बांधण्यासाठी नाही, सरकारला बांधण्यासाठी आहे. भट्टीवर मात्र हा कायदा कोणी वाचून दाखवत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण नुसता दंड उगारून ते थांबले नाहीत. शिक्षण मोफत केले, आणि त्याआधीच वसतिगृहे काढली होती. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. कारण दोघांनाही ठाऊक होते की ज्याला राहायला छप्पर आणि खायला भाकरी नाही, त्याला सक्ती करणे म्हणजे थट्टा करणे. आणि आपले सरकार? १९९२ साली त्याने दारिद्र्यरेषेखालील दलित-आदिवासी मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता दिला. तीस वर्षांनंतरही तो १ रुपयाच होता! एवढ्यात भट्टीवरची मजुरी सुटेल काय?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. दिवाळीनंतर आपल्या गावातल्या शाळेत जा. हजेरीपट पाहा. कोणते मूल कुठल्या भट्टीवर गेले, याची यादी करा. भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसवा. मूल गावातच राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरा. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे बसवा. हे काम विहारातल्या प्रत्येक तरुणाचे आहे, आणि ते केवळ आपल्या जातीच्या मुलांपुरते नाही. वाडीवरचे कातकऱ्याचे पोर आपलेच आहे.

‘शिका’ हा आदेश बाबासाहेबांनी दिला. शिकलेल्यांनी आता मागे वळून, मागे राहिलेल्यांचा हात धरायचा आहे.