बाईचे पुस्तक आणि आपण वाचक

पुस्तक लिहून झाले की लेखिकेचे काम संपते. पुढचे काम वाचकाचे असते. आपण आपल्या लेखिकांचा गौरव करतो, जयंतीच्या मंडपात त्यांचे फोटो लावतो. पण त्यांची पुस्तके पहिल्यांदा हातात आली तेव्हा त्या काळच्या वाचकांनी त्यांचे काय केले, हे आपण फारसे विचारत नाही. तो प्रश्न या लेखात विचारायचा आहे, आणि शेवटी स्वतःलाही विचारायचा आहे.

सुरुवात ताराबाई शिंदे यांच्यापासून करावी लागेल. त्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवरच चिखलफेक सुरू झाली. विधवेच्या पोटी मूल आले त्यात पुरुषाचा वाटा किती, हे मात्र कोणी विचारीना. ताराबाईंनी ते विचारले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले गेले. प्रती पाचशे.

या पुस्तकाचे स्वागत कसे झाले? टीका झाली, टवाळी झाली. सनातन्यांकडून ते अपेक्षितच होते. दुःखाची गोष्ट ही की, सत्यशोधक चळवळीतल्या माणसांनाही बाईची ही भाषा झोंबली. भटशाहीवर कोरडे ओढणारी लेखणी घरातल्या पुरुषाकडे वळली, तेव्हा आपलीच माणसे बिथरली. त्या वेळी एक वाचक ताराबाईंच्या बाजूने उभा राहिला. तो वाचक म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची जाहीर बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या स्वतःच्याच सहकाऱ्यांना सुनावले. जोतीरावांचे मोठेपण सांगताना शाळा, पाण्याचा हौद, शेतकऱ्याचा आसूड हे सगळे आपण सांगतो. ते एका बाईच्या पुस्तकाचे प्रामाणिक वाचक होते, हेही सांगायला हवे.

पण एका वाचकाने किती पुरे पडावे? ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्यांचे नावही लोक विसरून गेले. पुढे १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा छापून वाचकांपुढे आणले. मध्ये ९३ वर्षे गेली. तीन पिढ्यांतल्या मुलींना आपल्या आधी असे कोणी लिहून ठेवले आहे, हे कळलेच नाही.

पुढचे उदाहरण पांढरपेशा वर्गातले आहे. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातली घुसमट त्यात होती. पुस्तकावर गदारोळ उठला. निषेध झाले. मुलींचे म्हणणे खरे की खोटे, यापेक्षा ही विभावरी कोण, बाई आहे की बाईच्या नावाने लिहिणारा कोणी पुरुष, याचाच शोध वाचकांना अधिक महत्त्वाचा वाटला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईलाही टोपणनावाआड लिहावे लागले, यावरून त्या वेळच्या वाचकांची कल्पना यावी.

आता आपल्या घरात येऊ.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ‘स्त्री’ मासिकातून १९८२ मध्ये क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. बेबीताई किराणा दुकान चालवीत. दुकानात बसून वाचायच्या आणि लिहायच्या. लिहिलेली पाने त्यांनी जवळजवळ वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवली. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते लिखाण छापण्याचा आग्रह धरला, म्हणून ते उजेडात आले. २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला. त्यात बेबीताईंची मुलाखत आहे. नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दल त्या तिथे मोकळेपणाने बोलल्या आहेत. ‘जिणं आमुचं’मध्ये मात्र हे जवळजवळ नाही. स्वतःचे दुःख मागे ठेवून त्यांनी समाजाचे जिणे लिहिले. हा त्यांचा त्याग म्हणून आपण गौरवतो. पण हेही लिहिले असते तर आपण ते कसे वाचले असते?

शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हेही १९८६ चेच. त्यावरची ‘नाजुका’ ही मालिका १९९० मध्ये दूरदर्शनवर लागली, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. मागे उभे असलेले काही बाप्ये म्हणायचे, “हे कशाला जगाला दाखवायचं? आता आपण सुधारलोय.” तेच वाक्य पुढे आम्हीही बोललो. ते कसे, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीच्या मंडळाने भीमजयंतीची स्मरणिका काढायचे ठरवले. हिशेब आणि मजकूर पाहण्याचे काम आमच्याकडे होते. वस्तीतल्या एका आजींनी आपली वही आणून दिली. साक्षरतेच्या वर्गात उतारवयात अक्षरे गिरवलेली बाई. नातवाच्या वहीच्या कोऱ्या पानांवर त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते. बहात्तरच्या दुष्काळातले खडी फोडण्याचे काम, नामांतराचा मोर्चा, पोलिसांच्या काठ्या, आणि मोर्चाहून घरी आल्यावर दारू प्यालेल्या नवऱ्याचा मार. बैठकीत चर्चा झाली. मोर्चा ठेवा, मार काढा, असे ठरले. समाजाची बदनामी नको, बाहेरचे लोकही स्मरणिका वाचतात, असे कारण सांगितले गेले. बैठकीत ते बोलणारे आम्हीच होतो. त्या पानांवर लाल रेघ मारणारा हातही आमचाच.

स्मरणिका घ्यायला आजी विहारात आल्या. पाने उलटून म्हणाल्या, “माजं आर्धंच छापलंय की.” तेवढेच. पुढच्या वर्षी लेख मागायला गेलो तर म्हणाल्या, “आता काय आठवत न्हाई, लेकरा.”

ताराबाईंवर टीका करणारी मंडळी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेली, असे आम्ही समजत होतो. ती आमच्या बैठकीतच बसलेली होती.

बुद्धाच्या संघाने याहून वेगळे केले होते. थेरीगाथेत सव्वापाचशेच्या आसपास गाथा आहेत. त्यात उखळ-मुसळाच्या आणि कुबड्या नवऱ्याच्या जाचातून सुटलेली बाई आहे, मूल गमावलेली आई आहे, वेश्या होती तीही आहे. या गाथा लिहून काढल्या जाण्याआधी कित्येक पिढ्या ऐकणाऱ्यांनी पाठ करून जपल्या. नवऱ्याची गोष्ट आहे म्हणून कोणी गाळली नाही. ऐकणारे असे होते, म्हणून आज आपल्यापर्यंत ते शब्द आले.

वाचकहो, आमची विनंती साधी आहे. वर्षावासात आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक दिवस आपल्या एखाद्या भगिनीचे पुस्तक मोठ्याने वाचा, आणि ते बायकांबरोबर पुरुषांनीही बसून ऐका. विहाराच्या कपाटात ही पुस्तके कुलपात असतील तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. घरातली कोणी वही घेऊन बसली तर ती अर्ध्यावर मागू नका, पुरी लिहू द्या.

आजींच्या वहीची झेरॉक्स आमच्याकडे आहे. गाळलेली पाने येत्या स्मरणिकेत जशीच्या तशी छापावीत, असा प्रस्ताव आम्ही मंडळाकडे दिला आहे. तो मंजूर होण्याआधी आजींची परवानगी घ्यायला हवी. येत्या रविवारी आम्ही त्यासाठी त्यांच्या घरी जाणार आहोत. आधी माफी मागू, मग परवानगी.

जयभीम!