कुटुंबाच्या मोटारीस नवीं चाकें : निवड व जोडणी

बैलगाडीस नवें चाक करवून घेतांना आपला शेतकरी सुताराजवळ स्वतः उभा राहतो. आंस किती जाड आहे, तुंब्याचें भोंक तिला बरोबर बसतें कीं नाहीं, आरे पक्के आहेत काय, धाव घट्ट चढली आहे काय, हें सर्व तो पाहून घेतो. शेजाऱ्याच्या गाडीस शोभतें म्हणून तेंच चाक कोणी आपल्या गाडीस लावीत नाहीं. परंतु एस.यू.व्ही. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच मोटारीस बाजारांतील अलॉय चाकें घेतांना हीच सावधगिरी पुष्कळ ठिकाणीं सुटते. दुकानांत टांगलेलें चाक आकारानें मोठें व चकचकीत दिसलें कीं सौदा होतो. ज्या गाडींतून बायकामुलें व वृद्ध माणसें प्रवास करितात आणि प्रसंगीं मागें कांद्याची गोणीही पडते, तिचा सर्व भार चार चाकांवर असतो. सबब चाक कशावरून निवडावें व कसें बसवावें, याची माहिती वाचकांस देण्याचें योजिलें आहे.

टायरवरील मापांचा अर्थ

टायरच्या बाजूवर २१५/६० आर १७ अशा प्रकारचे आंकडे असतात. ह्युंदाई क्रेटा या गाडीच्या कित्येक प्रकारांस हेंच माप येतें, म्हणून तेंच उदाहरणास घेऊं. यांतील २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्यें आहे. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, अर्थात् १२९ मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास इंचांत आहे. १७ इंच म्हणजे सुमारें ४३२ मिलिमीटर. त्यांत वरची व खालची मिळून २५८ मिलिमीटर बाजू मिळविली म्हणजे चाकाचा एकंदर व्यास सुमारें ६९० मिलिमीटर होतो.

रिम बदलला तरी हा एकंदर व्यास शक्य तों कायम राहिला पाहिजे, हा पहिला नियम होय. १८ इंची रिमवर २१५/५५ चा टायर घातल्यास व्यास सुमारें ६९४ मिलिमीटर होतो. वाढ अवघी अर्धा टक्का. पण त्याच रिमवर २३५/६० चा टायर चढविला तर व्यास ७३९ मिलिमीटरवर जातो, म्हणजे शेंकडा सात वाढतो. मग वेगदर्शक कांटा ८० दाखवीत असतां गाडी खरोखर ताशीं सुमारें ८६ किलोमीटर धांवत असते. शिवाय चढावर ओढ कमी पडते, ब्रेकावर ताण वाढतो व वळतांना टायर मडगार्डास घांसूं लागतो.

मोठा रिम आणि आपला रस्ता

एकंदर व्यास कायम ठेवून रिम वाढविला कीं रबराची उंची तितकीच घटते. वरील गाडीस १९ इंची रिमवर २३५/४५ चा टायर घातला तर बाजूची उंची १२९ वरून १०६ मिलिमीटरवर येते. गुळगुळीत हमरस्त्यावर अशी गाडी वळणांत अधिक स्थिर वाटते, हें खरें. परंतु पाणंदींतील दगड व पावसाळ्यांतील खड्डे यांचा धक्का सोसण्याचें काम ही रबराची बाजूच करिते. ती आंखूड झाली कीं धक्का थेट रिमवर जातो. टायरच्या बाजूस फुगा येतो किंवा रिमची कड वांकून हवा झिरपूं लागते. ज्याची गाडी रोज शेतापर्यंत जाते त्यानें मूळ मापाचाच रिम ठेवणें हिताचें. त्याहून लहान रिम घेण्याचा विचार असल्यास तो ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळा फिरतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

लोखंडी पत्र्याचें चाक जोराचा मार बसल्यास वांकतें व पुष्कळदां ठोकून सरळ करितां येतें. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचें चाक दिसण्यांत सुरेख असतें, पण मोठ्या आघातानें त्यास तडा जाऊं शकतो. तडा गेलेलें चाक वेल्डिंग करून पुन्हां गाडीस लावूं नये. अलॉय नेहमीं हलकेंच असतें ही समजूतही बरोबर नाहीं. मोठें अलॉय चाक मूळच्या लोखंडी चाकाइतकें जड भरूं शकतें. म्हणून खरेदीपूर्वीं दोन्हीं चाकें तराजूवर घालून पाहावीं.

भार : सर्वांत महत्त्वाची गोष्ट

टायरच्या मापापुढें ९६ एच असें चिन्ह असतें. त्यांतील ९६ हा भारांक होय. त्याचा अर्थ एक टायर ७१० किलो भार सोसतो. एच हें अक्षर वेगाची मर्यादा दाखवितें. ती ताशीं २१० किलोमीटर आहे. त्याऐवजीं ९१ भारांकाचा टायर घेतला तर सोसण्याची शक्ति ६१५ किलोवर येते. एका टायरमागें ९५ किलो, म्हणजे एका आंसामागें १९० किलो कमी झाले. रिकाम्या गाडींत हा फरक जाणवत नाहीं. सहकुटुंब सामानासह लांब जातांना उन्हाळ्यांत तो टायर फुटून जाणवतो. नव्या टायरचा भारांक मूळच्याहून कमी असतां कामा नये.

रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. ती चाकाच्या मागील बाजूस ओतलेली किंवा उमटविलेली असते. गाडीच्या जड आंसावर जितका भार अनुज्ञेय असेल, त्याच्या निम्म्याहून ती कमी नसावी. आंसाचा भार ११०० किलो असेल तर प्रत्येक चाक निदान ५५० किलोचें पाहिजे. ज्या चाकावर भारमर्यादा किंवा प्रमाणचिन्ह यांपैकीं कांहींच नाहीं, तें स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.

हबवर बसण्याचीं मापें

येथें चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली, नटांचीं भोंकें. तीं किती आहेत व ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती, यास दुकानदार पी.सी.डी. म्हणतात. क्रेटास पांच भोंकें ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. टोयोटा फॉर्च्युनरला सहा भोंकें १३९.७ मिलिमीटरवर आहेत. “थोडासा फरक आहे, आवळून बसेल” असें कोणी म्हटल्यास त्याचें ऐकूं नये.

दुसरी, मधलें भोंक. क्रेटाच्या हबचा व्यास ६७.१ मिलिमीटर आहे, तर बाजारांतील पुष्कळ चाकांचें भोंक ७३.१ मिलिमीटर असतें, कारण एकच चाक अनेक गाड्यांस विकतां यावें. मधली पोकळी भरून काढणारी योग्य मापाची कडी बसविली नाहीं तर चाक मध्यावर बसत नाहीं व वेगांत सुकाणूचक्र थरथरतें. मधलें भोंक हबपेक्षां लहान असेल तर तें चाक बसणारच नाहीं.

तिसरी, ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा मध्य व हबवर टेंकणारी बाजू यांतील अंतरास ऑफसेट म्हणतात. ७ इंच रुंद व ४५ ऑफसेटचें चाक काढून ८ इंच रुंद व ३५ ऑफसेटचें लावलें, तर बाहेरची कड सुमारें २३ मिलिमीटर बाहेर येते व आंतली कड सुमारें ३ मिलिमीटर आंत जाते. चाक जसजसें बाहेर सरतें तसतसा हबच्या बेअरिंगवर जोर वाढतो व मडगार्डाबाहेर चिखल उडतो. चाक बाहेर काढण्याकरितां मध्यें चकत्या घालण्याची युक्ति कुटुंबाच्या गाडीस वर्ज्य समजावी.

चौथी, नटाची बैठक. कांहीं नट शंकूच्या आकाराचे, कांहीं गोलाकार, तर टोयोटाच्या मूळ अलॉय चाकांचे सपाट वॉशरचे असतात. बाजारांतील बहुतेक अलॉय चाकांस शंकूचे नट लागतात. बैठक जुळली नाहीं तर नट कितीही आवळला तरी धांवतांना सैल होतो. म्हणून चाकांबरोबर त्यांचेच नट घ्यावे. पण जुने नट टाकून न देतां गाडींतच ठेवावे, कारण लोखंडी स्टेपनीस ते लागूं शकतात.

जोडणीची कृति

टायर चढविण्यापूर्वीं नुसता रिम हबवर लावून हातानें फिरवून पाहावा. ब्रेकला कोठें घांसत असल्यास चाक परत करितां येतें. सपाट जागीं गाडी उभी करून हॅंडब्रेक ओढावा व दुसऱ्या चाकाखालीं उटी लावावी. गाडी जमिनीवर असतांनाच नट थोडे सैल करून मग जॅक द्यावा. हबवरील गंज व माती तारेच्या ब्रशानें काढावी. बोल्टच्या आट्यांस तेल लावूं नये. नट प्रथम हातानेंच फिरवावे. १२ मिलिमीटर जाडीच्या व १.५ मिलिमीटर आट्याच्या बोल्टवर नटाचे निदान आठ फेरे बसले पाहिजेत. नंतर समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळून गाडी खालीं घ्यावी व गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें शेवटचा आवळ द्यावा. हवेच्या बंदुकीनें आवळून सोडून देण्याची दुकानांतील रीत चांगली नव्हे. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हां तपासावे. बॅलन्सिंग व अलाइनमेंट करवून घ्यावें. गाडींत पूर्ण भार असतां सुकाणूचक्र दोन्ही टोंकांस फिरवून टायर कोठें लागतो काय, हेंही पाहावें.

काळ्या रानांतून आल्यावर चिखल रिमच्या आंतल्या बाजूस घट्ट बसून वाळतो व चाकाचा तोल जातो. गाडी थरथरूं लागली म्हणून लगेच कारखान्यांत न नेतां प्रथम चाकें आंतून धुवावीं.

कायदा व विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें, उत्पादकानें ठरविलेल्या तपशिलाशी न जुळणारा फेरबदल गाडींत करितां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींतील निकालांत हें स्पष्ट केलें आहे. म्हणून उत्पादक त्याच गाडीच्या एखाद्या प्रकारास जें माप स्वतः देतो, त्याच मापाच्या मर्यादेंत राहणें श्रेयस्कर. चाकें बदलल्याचें विमा कंपनीस लेखी कळवून पावती जपून ठेवावी.

सारांश, दुकानांत जाण्यापूर्वीं टायरचें माप, भारांक, आंसाचा भार, पी.सी.डी., हबचा व्यास, ऑफसेट व नटाची बैठक या सात गोष्टी कागदावर लिहून न्याव्या. सातही जुळल्या तरच नक्षी व रंग पाहावा. एकही न जुळल्यास तें चाक कितीही शोभिवंत असलें तरी दुकानांतच राहूं द्यावें.