तासिकेवर चाललेली महाविद्यालये

राज्याच्या तिजोरीत तूट आली की तिची पहिली झळ कोणाला लागते, हे मुंबईत बसून सहसा उमगत नाही. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. साथीच्या रोगाने महसूल आटला होता. तेव्हा त्या वर्षी विकासाच्या कार्यक्रमांवर अर्थसंकल्पातील तरतुदीच्या ३३ टक्केच रक्कम खर्च व्हावी आणि आरोग्यासारखे निकडीचे विभाग वगळता नवी पदभरती करू नये, असे त्यात फर्माविले होते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अरण्यात, एटापल्लीसारख्या तालुक्याच्या गावी, या फर्मानाचा अर्थ अगदी साधा होता. जो प्राध्यापक निवृत्त झाला त्याची खुर्ची रिकामी राहणार आणि त्याचे तास कोणीतरी तासाच्या भावाने घेणार.

अर्थात भरतीवरील बंदी ही काही साथीची देणगी नव्हे. २०१७ च्या मे महिन्यातच अध्यापकांच्या नेमणुकांना शासनाने खीळ घातली होती. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यातील महाविद्यालयांतील ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता मिळाली. ती सर्व भरून होण्यापूर्वी २०२० चा आदेश आला आणि २,०८८ पदे अधांतरी लोंबकळत राहिली. त्यांना पुन्हा वाट मोकळी झाली ती २०२१ च्या नोव्हेंबरात. पद मंजूर असणे आणि वर्गात माणूस उभा असणे यांच्यात आपल्याकडे किती वर्षांचे अंतर पडू शकते, याचा हा नमुना.

हे अंतर पुण्या-नागपुरातील महाविद्यालयास सोसते. तेथे गावात पदवीधरांची वाण नसते. एक तासिका शिक्षक गेला तर दुसरा मिळतो, विद्यार्थी शिकवणीला जातो किंवा रस्ता ओलांडून दुसऱ्या महाविद्यालयात नाव घालतो. एटापल्लीच्या विद्यार्थ्याला रस्ता ओलांडून जाण्यासारखे काही नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे येथील विद्यार्थ्याचे विद्यापीठ सुमारे तीनशे किलोमीटरवरील नागपुरात होते. गुणपत्रिकेतील एक चूक दुरुस्त करावयाची तर दोन दिवसांचा प्रवास आणि भाड्याचे पैसे. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आले तेव्हा ही वाट निम्म्याहून कमी झाली. पण विद्यापीठ जवळ आले म्हणून वर्गातला शिक्षक जवळ आला असे झाले नाही.

आणि या भागात शिक्षक म्हणजे केवळ व्याख्याता नव्हे. घरी माडिया बोलणारा, शाळेत मराठीशी झगडलेला आणि आता पाठ्यपुस्तकातील इंग्रजी संज्ञांपुढे उभा ठाकलेला मुलगा वा मुलगी त्याच्या समोर बसलेली असते. अनेकांच्या घरातील हीच पहिली पदवी. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरणे, जातीच्या दाखल्यातील आडनावाचा घोळ निस्तरणे, पावसाळ्यात नाले भरून वाहू लागले की कोण वर्गात येऊ शकले नाही याची चौकशी करणे, ही कामे कोणत्याही कार्यभाराच्या तक्त्यात नाहीत. ती करावयाची तर शिक्षकाला वर्षानुवर्षे त्याच गावी राहावे लागते.

तासिका तत्त्वाची व्यवस्था नेमकी येथे आड येते. रिकाम्या पदाचे तास दोघांत वाटले जातात. एकाच्या वाट्याला आठवड्यास जेमतेम आठ-नऊ तास. २०१८ च्या नोव्हेंबरात पदवी वर्गासाठी तासाला ५०० रुपये असा दर ठरला, पुढे तो वाढलाही. परंतु दर कितीही असो, सुट्टीचा दिवस, परीक्षेचा महिना आणि उन्हाळा यांचे मोल शून्यच. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, आणि बिल मंजूर होऊन पैसे हाती पडेपर्यंत कित्येकदा सत्र संपलेले असते. नेट-सेट वा पीएच.डी. झालेला तरुण अशा मिळकतीवर आलापल्लीपलीकडच्या अरण्यात संसार मांडील, ही अपेक्षा करणाऱ्याने आधी आपल्या घरचा महिन्याचा खर्च कागदावर मांडून पाहावा.

विनाअनुदानित महाविद्यालयांची कथा याहून निराळी आणि अधिक बिकट. २००१ पासून नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले. ‘कायम’ हा शब्द पुण्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमाला शोभून दिसतो. तेथे पालक शुल्क भरतो. आदिवासी तालुक्यात शुल्क बव्हंशी शासनच शिष्यवृत्तीच्या रूपाने भरते, आणि ते वेळेवर येईलच असे नाही. म्हणजे कागदोपत्री शासनाचे अनुदान नाही, प्रत्यक्षात शिक्षकाचा पगार मात्र शासनाच्याच पैशावर आणि शासनाच्याच विलंबावर अवलंबून. विनाअनुदानित ही संज्ञा येथे जवळजवळ विनोदी ठरते.

या टंचाईला प्राध्यापकवर्गाने काय उत्तर दिले? विदर्भात अध्यापकांची चळवळ दुबळी कधीच नव्हती. नागपूर विद्यापीठ क्षेत्रातील ‘नुटा’ने नियम, परिनियम आणि न्यायालय यांचा जो चिवट वापर केला त्याला राज्यात तोड कमीच. संपूर्ण राज्याचे म्हणावे असे सर्वांत मोठे पाऊल म्हणजे २०१३ चा परीक्षा बहिष्कार. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेटविना नेमलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न या मागण्यांसाठी ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. शासनाने त्या दिवसांचे वेतन रोखले आणि तो वाद पुढे न्यायालयात गेला. मागण्या रास्त होत्या. ठरलेले पैसे वर्षानुवर्षे न देणाऱ्या शासनाने बहिष्कारकर्त्यांना नीतीचे धडे देणे हा तर निव्वळ दांभिकपणा होता. तरीही हे हत्यार सर्वत्र सारखे लागत नाही, हे मान्य करावे लागते. शहरातील विद्यार्थ्याचा निकाल लांबला तर त्याची चिडचिड होते. ज्या घरात पोराच्या शिक्षणाचे एकेक वर्ष तेंदूपानाच्या हंगामावर काढले जाते, तेथे लांबलेला निकाल म्हणजे हुकलेली भरती, क्वचित कायमचे सुटलेले शिक्षण.

याच्या तुलनेत २०१८ ची गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. त्या वर्षी २५ सप्टेंबरपासून प्राध्यापकांनी काम थांबविले तेव्हा रिक्त पदे भरा आणि तासिका शिक्षकांना जगण्याइतके मानधन द्या, या मागण्या अग्रभागी होत्या. आपल्या पगारापेक्षा शेजारच्या रिकाम्या खुर्चीसाठी कायम प्राध्यापक उभे राहिले. दोन महिन्यांच्या आत ३,५८० पदांची मान्यता आणि ५०० रुपयांचा दर, दोन्ही पदरात पडले. ते पुरेसे नव्हते, पुढे अडलेही. तथापि कोणत्या मागणीने सरकार हलते आणि कोणत्या मागणीला समाजाची साथ मिळते, याचे उत्तर त्या शरद ऋतूत मिळाले होते. त्याचा उपयोग मात्र पुढे सातत्याने झालेला दिसत नाही. रिकाम्या पदाचे तास मुकाट्याने वाटून घ्यायचे, वेळापत्रक भरलेले दाखवायचे आणि तपासणी समितीपुढे सारे सुरळीत असल्याचा देखावा करायचा, हीच बहुतेक ठिकाणची रीत झाली आहे. तूट अशी झाकली गेली की ती तूट म्हणून मोजलीच जात नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली सार्वमताने मालमत्ता कराला मर्यादा घातली गेली आणि तेथील कम्युनिटी कॉलेजांचे स्थानिक उत्पन्न आटले. १९८४ पासून, तोवर जवळजवळ मोफत असलेल्या त्या शिक्षणाला शुल्क आले, आणि आज तेथील अध्यापकांत अर्धवेळ नेमलेल्यांची संख्या पूर्णवेळांहून अधिक आहे. पण तेथला अर्धवेळ प्राध्यापक मोटारीने तीन महाविद्यालये गाठतो. एटापल्लीहून तीन महाविद्यालये गाठणारी एस.टी. अद्याप निघालेली नाही.

पैसा नाही, हे कारण एटापल्ली तालुक्यात तर मुळीच पटत नाही. याच तालुक्यात सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आहे. त्याचा खाणपट्टा २००७ सालचा, आणि २०२१ पासून उत्खननाने जोर धरला. २०१५ च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार अशा जुन्या खाणपट्ट्याच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा व्हावयाची असते. तिच्या विनियोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत शिक्षण हा अग्रक्रमाचा विषय असून शिक्षकांची नेमणूक हा खर्चही त्यात बसतो. इमारत बांधण्याकडे सर्वांचा ओढा असतो, कारण तिच्यावर कोनशिला बसते. प्राध्यापकावर ती बसविता येत नाही.

या मार्गाला दोन हरकती आहेत आणि त्या हलक्या नाहीत. खाणीला येथील अनेक ग्रामसभांचा विरोध राहिला आहे. त्या गावांच्या मुलांना खाणीच्या पैशावर शिकवावे, ही कल्पनाच काहींना बोचेल. शिवाय स्थानिक निधी दिसला की शासन आपला हात काढून घेईल, ही भीती अनुभवाने आलेली आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने विदर्भाचा अनुशेष मोजला तेव्हा त्यात शिक्षणही होते. त्यानंतर समित्या झाल्या, आकडे बदलले, आणि जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिली. म्हणूनच हा निधी मंजूर पदाच्या बदली वापरता कामा नये. पद भरले जाईपर्यंत तासिका शिक्षकाला बारा महिन्यांचे मानधन आणि राहण्याची सोय, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग असावा आणि त्याला मुदत असावी. तसा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेण्याचे काम संस्थाचालक करतील असे दिसत नाही. ते प्राध्यापकांनाच, कायम आणि तासिका अशा दोघांनी एकाच निवेदनावर सह्या करून, करावे लागेल.

त्या निवेदनाला जोडावयाची कागदपत्रे फार नाहीत. मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या पाच वर्षांत कोणत्या विषयाला किती तास शिक्षक नव्हता, आणि तासिका शिक्षकाचे मागील बिल कोणत्या महिन्यात निघाले. हे सारे महाविद्यालयाच्या कपाटातच आहे. पहिल्या पानावर, झाकपाक न करता, चालू वर्षाचे खरे वेळापत्रक लावले तरी पुष्कळ होईल.