व्हिसा शिक्षणाचा, नोकरीचा नव्हे!

पाटण-जावळीतली माणसं मुंबईला जाऊन माथाडी कामगार झाली. विटा, खानापूर, आटपाडीचे गलाई कारागीर देशभर पोहोचले. त्यांना कामासाठी कुणी परवाना मागितला नाही. राज्यघटनेच्या कलम १९ नुसार भारतीय नागरिकाला देशात कुठेही राहून पोट भरता येतं. पण सांगली-साताऱ्यातून तुम्ही परदेशी शिकायला निघाला असाल, तर हा हक्क विमानतळावरच संपतो!

‘तिकडं गेल्यावर पार्टटाइम करून हप्ते फेडेन की,’ असं आपण घरी सांगतो. घर तारण ठेवून कर्ज काढलं जातं. पण हा हिशेब नियमांत बसतो का, ते कधी पाहिलंय?

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. कॅम्पसबाहेर स्वतःच्या मनानं नोकरी धरता येत नाही. अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप सीपीटीखाली येते आणि तिची मंजुरी आधी घ्यावी लागते. पदवीनंतर ओपीटीचे १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना त्यावर आणखी २४ महिने मिळू शकतात. पण काम तुमच्या विषयातलंच हवं. शिवाय पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलात, तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. सीपीटीवर १२ महिने पूर्णवेळ काम केलंत, तर त्या पदवीचं ओपीटीच हातचं जातं!

इतर देशांची गणितं वेगळी. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाला सत्रात आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

मग कुणीतरी ओळखीचा भेटतो. ‘माझ्या दुकानात ये, रोख देतो, कुठं नोंद नाही.’ इथंच पोरं फसतात. पकडले गेलात तर मालक दंड भरून मोकळा होईल, तुमचा मात्र व्हिसा जाऊ शकतो. पदवी अर्धवट, कर्ज तसंच. पगार थकवला, तर तक्रार करायलाही जीभ रेटत नाही. ब्रिटनमध्ये तर फ्रीलान्सिंगही चालत नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी करा. हप्त्याच्या हिशेबातून पार्टटाइमची कमाई वगळा. मिळाली तर ती जेवणखाण्याला. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला ई-मेल करा आणि उत्तर जपून ठेवा. नियम बदलत राहतात, त्यामुळे त्या देशाची सरकारी वेबसाइट दर सत्राला उघडा.

आणि हे सगळं आई-वडिलांनाही समजावून सांगा. सही त्यांचीही असते.