सण, स्मरण आणि आशा : एलजीबीटी समुदायाच्या दिनविशेषांचा सामाजिक अर्थ

प्रस्तावना :
सण हा केवळ आनंदाचा दिवस नसतो. तो समाजाची स्मृती जपण्याचे साधनही असतो. महाराष्ट्रात पितृपक्षातील पूर्वजांच्या स्मरणानंतर घटस्थापना होते. दिवंगतांची नावे उच्चारण्याचे कर्तव्य परंपरेने वंशजांकडे येते. परंतु ज्या व्यक्तीला कुटुंबानेच नाकारले, तिचे नाव कोणी उच्चारावे? आणि सणाला तिने कोणाच्या घरी जावे? एलजीबीटी समुदायाने, म्हणजेच समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या समुदायाने, या प्रश्नांना दिलेले उत्तर अमेरिकेतील नोव्हेंबरअखेरच्या दिवसांत स्पष्ट दिसते. प्रस्तुत लेखात २० नोव्हेंबर ते १ डिसेंबर या बारा दिवसांच्या आधारे त्या उत्तराचा विचार केला आहे.

कृतज्ञता :
अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे कृतज्ञता दिन म्हणून पाळला जातो. १९४१ च्या कायद्याने ही तिथी निश्चित झाली. या दिवशी दूरदूरचे आप्त एकत्र येऊन सहभोजन करतात. त्यामुळे घराचे दार बंद झालेल्या व्यक्तीला हाच दिवस सर्वाधिक जड जातो. अशा व्यक्तींनी मित्रांच्या पंगतीलाच कुटुंबाचा दर्जा दिला. मानववंशशास्त्रज्ञ कॅथ वेस्टन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील अभ्यासावर आधारलेल्या १९९१ च्या ग्रंथात या 'निवडलेल्या कुटुंबा'ची मीमांसा केली आहे. येथे कृतज्ञता रक्ताच्या नात्याविषयी नसून आजारपणात व संकटात सोबत राहिलेल्यांविषयी असते.

स्मरण :
कृतज्ञता दिन ज्या आठवड्यात येतो, त्याच्या आसपास स्मरणाचे तीन दिवस आहेत. आपली समलैंगिकता न लपवता सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळावर निवडून आलेले हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या २७ नोव्हेंबर १९७८ रोजी झाली. त्यांच्या स्मरणार्थ १९८५ मध्ये निघालेल्या मेणबत्ती मोर्चात कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांनी एड्सने मृत्यू पावलेल्या सुहृदांची नावे फलकांवर लिहिण्याचे आवाहन केले. हे फलक एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर लावले, तेव्हा जोन्स यांना ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी भासली. त्यातूनच एड्स स्मृती गोधडीची कल्पना जन्मली.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी ही गोधडी वॉशिंग्टन येथे प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिचे १,९२० तुकडे होते. आज ते सुमारे ५०,००० आहेत. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे साधारणपणे एका कबरीएवढा असतो. अनेक तुकड्यांत मृताचे कपडे शिवलेले आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरलेल्या मराठी वाचकाला या कृतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्या काळी काही कुटुंबांनी मृतदेह स्वीकारले नाहीत आणि काही अंत्यसंस्कार संस्थांनीही नकार दिला. त्यांच्यासाठी ही गोधडीच अंत्यविधी ठरली. १ डिसेंबर हा १९८८ पासून जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो.

तिसरा दिवस २० नोव्हेंबरचा. बोस्टन येथे नोव्हेंबर १९९८ मध्ये रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीची हत्या झाली. या निमित्ताने, यापूर्वीच्या अशा हत्या किती सहज विस्मृतीत गेल्या याची जाणीव ग्वेंडोलिन अॅन स्मिथ यांना झाली आणि १९९९ पासून पारलिंगी स्मृतिदिन सुरू झाला. बळी गेलेल्यांची नावे एकामागून एक वाचणे हा या दिवसाचा मुख्य विधी होय.

आशा :
केवळ शोकावर समुदाय उभा राहत नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी मृतांचा दिवस आहे, परंतु जिवंतांचा नाही, या जाणिवेतून मिशिगनमधील रेचल क्रँडल यांनी २००९ मध्ये ३१ मार्च हा पारलिंगी दृश्यता दिन सुरू केला. १९९६ पासून संयुक्त औषधोपचार रूढ झाल्यावर एड्स दिनाच्या स्मरणालाही जगण्याच्या आशेची जोड मिळाली. ही आशा विस्मरणातून नव्हे, तर स्मरणातून आलेली आहे.

भारतीय संदर्भ :
शोक आणि उत्सव यांची अशी सांगड भारताला अपरिचित नाही. तमिळनाडूतील कूवागम येथे चित्तिरै महिन्यात तृतीयपंथी महाभारतातील इरावानाशी विवाह करतात आणि दुसऱ्या दिवशी बांगड्या फोडून त्याच्यासाठी विलाप करतात. मुंबईतील पहिली 'क्वीअर आझादी' यात्रा १६ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, निघाली. राष्ट्राच्या स्वातंत्र्यात आपलाही वाटा आहे, हे त्या तिथीतून सूचित झाले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढल्याने या दिनविशेषांत आणखी एका तिथीची भर पडली.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, या समुदायात कृतज्ञता, स्मरण आणि आशा या तीन स्वतंत्र भावना नाहीत. वंशजांनी नाकारलेले कर्तव्य सुहृदांनी स्वीकारले, त्या एकाच कृतीची ती तीन अंगे आहेत. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी यात एक व्यावहारिक सूचनाही आहे. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे होते, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला परतण्यासाठी घर आहे, असे आपण गृहीत धरतो. ज्याला ते नाही, त्याच्यासाठी वसतिगृहाची एक खोली उघडी ठेवणे आणि फराळाच्या ताटाला बोलावणे एवढेही त्या सणाला सण बनवू शकते.